पागडीची जागा मालकी हक्काने घेताना आयकराचा हिशेब कसा लागतो

गिरगाव, लालबाग, परळ, दादर, माझगाव अशा भागांतील जुन्या इमारतींमध्ये गेली अनेक वर्षे एक व्यवहार सातत्याने होत आला आहे. पिढ्यान्पिढ्या भाड्याने राहणारे कुटुंब घरमालकाला ठरलेली रक्कम देते, करारनामा नोंदवला जातो आणि भाडेपावतीवरचे नाव मालकीच्या दस्तावर येते. काही ठिकाणी पैसे द्यावेच लागत नाहीत. विकासक जुनी इमारत पाडून नवी बांधतो आणि भाडेकरूला तीत मालकीची सदनिका मिळते. दोन्ही प्रसंगी कुटुंबाची समजूत एकच असते, ती अशी की आपण जागा घेतली आहे, विकलेली नाही, त्यामुळे आयकराचा प्रश्न असलाच तर तो घरमालकाचा किंवा विकासकाचा आहे. ही समजूत अपुरी आहे, आणि तिची किंमत बहुतेकदा त्याच वर्षी नव्हे, तर पुढे घर विकायला निघाल्यावर मोजावी लागते.

कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू या व्यवहारात दोन गोष्टी देत असतो. पहिली म्हणजे मालकाला मोजलेले पैसे. दुसरी म्हणजे त्याचा भाडेहक्क, जो मालकी हातात येताच संपतो. आयकर कायदा या भाडेहक्काला स्वतंत्र मालमत्ता मानतो, आणि त्याची किंमत दस्तात व विवरणपत्रात कुठेच आली नाही, तर पुढचा सगळा हिशेब लंगडा पडतो. या लेखात उल्लेखलेल्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी येथे मांडलेली मूळ तत्त्वे तीच आहेत.

भाडेहक्काला किंमत कशामुळे आली

भाड्याने घेतलेल्या जागेतील हक्काला एवढी किंमत का यावी, हे मुंबईबाहेरच्या वाचकाला सहज उमगणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले आणि भाडेकरूला जागेतून काढणे अत्यंत अवघड केले. जागेचा बाजारभाव चढत गेला, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. जागा नावापुरती मालकाची, पण ती वापरण्याचा आणि पुढच्या पिढीकडे सोपवण्याचा खरा लाभ भाडेकरूकडे, अशी स्थिती निर्माण झाल्यावर भाडेहक्कच विकला जाऊ लागला. त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम म्हणजे पागडी. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवला होता. तरीही व्यवहार थांबले नाहीत, ते फक्त रोखीने आणि कागदाविना होऊ लागले. आज अनेक कुटुंबांना वडिलांनी किंवा आजोबांनी किती पागडी मोजली हे तोंडी ठाऊक असते, पण दाखवायला पावती नसते, त्याचे मूळ येथे आहे.

गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता समर्थनीय राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि कलम ५६ अन्वये भाडेहक्क देताना, सोडताना किंवा दुसऱ्याकडे सोपवताना रक्कम घेणे कायदेशीर ठरवले. आयकराच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे, कारण त्यानंतरच्या व्यवहारांत पागडी धनादेशाने देऊन तिची रीतसर पावती घेण्यास कोणतीच आडकाठी उरलेली नाही.

भांडवली मालमत्ता, पण खरेदीमूल्य शून्य

आयकर कायद्याच्या कलम २(१४) मध्ये भांडवली मालमत्तेची व्याख्या कोणत्याही प्रकारची मालमत्ता सामावून घेईल इतकी व्यापक आहे, आणि कलम २(४७) नुसार हस्तांतरण म्हणजे केवळ विक्री नव्हे. अदलाबदल, हक्कत्याग आणि हक्काचा लोप यांचाही त्यात समावेश होतो. त्यामुळे भाडेहक्क सोडून देणे हे हस्तांतरण आहे, याबद्दल आता वाद राहिलेला नाही.

तरीही एके काळी या हस्तांतरणावर कर लागत नसे, आणि त्याचे कारण तर्कशुद्ध होते. भांडवली नफा काढायचा म्हणजे मिळालेल्या मोबदल्यातून खरेदीमूल्य वजा करायचे. ज्या मालमत्तेचे खरेदीमूल्य ठरवताच येत नाही, तिचा नफाही मोजता येत नाही, आणि जो मोजता येत नाही त्यावर कर लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये बी. सी. श्रीनिवास शेट्टी प्रकरणात व्यवसायाच्या नावलौकिकाविषयी सांगितले. हाच न्याय भाडेहक्काला लागू पडत होता. डी. पी. सांडू ब्रदर्स चेंबूर या कंपनीने भाडेहक्क सोडल्याबद्दल ३५ लाख रुपये घेतले होते. भांडवली नफा म्हणून कर लावता येत नसेल, तर ‘इतर उत्पन्न’ म्हणून लावावा, असा आयकर विभागाचा प्रयत्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला नाही. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे, तिच्या हस्तांतरणाचा मोबदला केवळ भांडवली नफ्याच्या सदरातच येऊ शकतो आणि त्या सदरात कर बसत नसेल, तर तो दुसऱ्या सदरात ओढून बसवता येणार नाही, असा तो निर्णय होता. प्रकरण कर निर्धारण वर्ष १९८७-८८ चे असल्याने कंपनीला कर भरावा लागला नाही.

दरम्यान कायदा बदलला होता. १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ५५(२)(ए) मध्ये भाडेहक्काचा समावेश केला, आणि कर निर्धारण वर्ष १९९५-९६ पासून नियम असा झाला की, भाडेहक्क विकत घेतला असेल, तर दिलेली रक्कम हे खरेदीमूल्य, आणि विकत घेतलेला नसेल, तर खरेदीमूल्य शून्य. शून्य ही संख्या कायद्यानेच दिल्यामुळे नफा मोजता येऊ लागला. तेव्हापासून पागडीची पावती नसलेल्या भाडेकरूच्या बाबतीत भाडेहक्काची जवळजवळ पूर्ण किंमत हाच नफा ठरतो. वडिलांनी पागडी दिली आणि भाडेहक्क वारसाने मुलाकडे आला असेल, तर वडिलांनी दिलेली रक्कम हे मुलाचे खरेदीमूल्य धरले जाते व वडिलांचा धारणकाळही मुलाच्या हिशेबात मोजला जातो. मात्र ती रक्कम दाखवता आली पाहिजे.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. २००१ पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदीमूल्य म्हणून धरता येतो, म्हणून तीच सवलत जुन्या भाडेहक्कालाही मिळेल असे मानले जाते. कायद्याचा शब्द तसा नाही. ही सवलत कलम ५५(२)(ए) मध्ये न येणाऱ्या ‘इतर’ मालमत्तांसाठी आहे आणि भाडेहक्क तर त्याच उपकलमात नावाने आलेला आहे. शेतजमिनीच्या कुळांशी ताडून पाहिले, तर हा फरक ठळकपणे दिसतो. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ नुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी असंख्य कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली आणि पुढे त्यांना कलम ३२एम चे प्रमाणपत्र मिळाले. गोव्यातही कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेला रहिवासी) यांच्यासाठी स्वतंत्र कायदे झाले. अशा कुळाकडे २००१ च्या कितीतरी आधीपासून जमिनीची मालकी असते, त्यामुळे शहराच्या हद्दीतील तशी जमीन आज विकताना २००१ चा बाजारभाव धरण्याचा पर्याय त्याला मिळतो, आणि खेड्यातील शेतजमीन तर भांडवली मालमत्तेच्या व्याख्येबाहेरच राहते. चाळीतल्या भाडेकरूच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. त्याच्याकडे मालकी येते ती आज, आणि शून्यापासून.

एक उदाहरण आकड्यांनिशी

समजा, एका कुटुंबाची दादरमध्ये भाड्याची खोली आहे. मालकी हक्काने तिचा बाजारभाव आणि मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य दोन्ही १ कोटी २० लाख रुपये आहेत, आणि घरमालक ४० लाख रुपये घेऊन मालकी द्यायला तयार आहे. एवढी जागा तो तिसऱ्या माणसाला ४० लाखांत कधीही देणार नाही. भाडेकरूला तो देतो, कारण उरलेल्या ८० लाखांच्या बदल्यात जागेवरचा भाडेहक्काचा बोजा सुटतो. म्हणजे भाडेहक्काचा मोबदला ८० लाख रुपये झाला. पागडीची पावती नाही, म्हणून खरेदीमूल्य शून्य, आणि दीर्घ मुदतीचा भांडवली नफा ८० लाख रुपये. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीमूल्य वाढवून धरण्याची सोय) न देता १२.५ टक्के दराने कर आहे. दुसरे उत्पन्न बाजूला ठेवले आणि मूळ सवलतीची मर्यादाही क्षणभर सोडून दिली, तर कर १० लाख, त्यावर १० टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर धरून एकूण ११ लाख ४४ हजार रुपये होतो. हाती एक रुपयाही न आलेल्या, उलट ४० लाख मोजून बसलेल्या कुटुंबाला हा आकडा अन्यायाचा वाटणे स्वाभाविक आहे.

राहत्या घरापुरता या अन्यायावर उपाय कायद्यातच आहे. कलम ५४एफ नुसार, राहते घर सोडून दुसरी कोणतीही दीर्घ मुदतीची भांडवली मालमत्ता हस्तांतरित केली आणि तिचा निव्वळ मोबदला भारतातील एका राहत्या घरात गुंतवला, तर नफा करमुक्त होतो. भाडेकरूने सोडलेली मालमत्ता म्हणजे घर नव्हे, घरातला भाडेहक्क. म्हणून बहुतांश प्रकरणांत कलम ५४ (घर विकून दुसरे घर घेणाऱ्यासाठीची सवलत) नव्हे, तर कलम ५४एफ लागू पडते. पैसे न देता हक्काच्या अदलाबदलीत घर मिळाले, तर त्याला ‘खरेदी’ म्हणता येईल का, ही शंकाही रास्त आहे. तिचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच दिले आहे. किंमत रोखीत दिली काय किंवा अन्य रूपाने चुकती केली काय, मोबदला देऊन घर मिळवणे ही खरेदीच, अशी ती भूमिका आहे. वरच्या उदाहरणात ८० लाखांचा संपूर्ण मोबदला १ कोटी २० लाखांच्या घरात मुरला, त्यामुळे कर शून्यावर येतो.

या सवलतीच्या अटी मात्र बारकाईने पाहायला हव्यात. हस्तांतरणाच्या दिवशी नव्या घराव्यतिरिक्त भाडेकरूच्या मालकीचे एकापेक्षा जास्त राहते घर असता कामा नये. चाळीतल्या कितीतरी कुटुंबांनी डोंबिवली, विरार, बदलापूरकडे एखादी सदनिका घेऊन ठेवलेली असते. एक असेल तर अडचण नाही, दोन असतील तर सवलत हातची जाते. व्यवहारानंतर दोन वर्षांत आणखी घर विकत घेतले किंवा तीन वर्षांत बांधले, तरी सूट दिलेला नफा करपात्र होतो. मिळालेले घर तीन वर्षांच्या आत विकले, तरी तेच घडते. मालकी मिळताच चांगला भाव आला म्हणून वर्षभरात घर विकणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि या अटीचा फटका त्यांनाच सर्वांत जास्त बसतो. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून नव्या घराची किंमत जास्तीत जास्त १० कोटी रुपयांपर्यंतच हिशेबात धरली जाते. सामान्य भाडेकरूला ती मर्यादा जाचक नाही. नवी करप्रणाली निवडली, तरी ही सवलत मिळते. कलम ५४ईसी चे रोखे घेऊन कर वाचवण्याचा मार्ग मात्र भाडेहक्कासाठी बंद आहे, कारण १ एप्रिल २०१८ नंतरच्या हस्तांतरणांपासून ते कलम केवळ जमीन किंवा इमारतीच्या नफ्यापुरते मर्यादित झाले.

आता हेच उदाहरण चार वर्षे पुढे नेऊ. घर १ कोटी ६० लाखांना विकले जाते. मालकी घेताना भाडेहक्काचे ८० लाख दस्तात नमूद केले असतील, विवरणपत्रात दाखवून कलम ५४एफ ची सवलत मागितली असेल, तर घराचे खरेदीमूल्य ४० लाख अधिक ८० लाख, म्हणजे १ कोटी २० लाख. नफा ४० लाख, आणि उपकरासह कर ५ लाख २० हजार रुपये. यातले काहीच केले नसेल आणि दस्तात फक्त ४० लाखांचा आकडा असेल, तर अधिकारी तोच आकडा खरेदीमूल्य म्हणून धरतो. मग नफा १ कोटी २० लाख होतो, आणि १५ टक्के अधिभार व उपकर धरून कर १७ लाख ९४ हजारांवर जातो. घर तेच, विक्रीची किंमत तीच, आणि केवळ कागदात एक वाक्य नसल्यामुळे १२ लाख ७४ हजार रुपयांचा फरक. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च येथे धरलेला नाही. तोही खरेदीमूल्यात मिळवता येतो, म्हणून त्याच्या पावत्या सांभाळाव्यात.

दुसरी एक मांडणीही केली जाते, तिचा उल्लेख करायला हवा. भाडेकरू आणि मालक हे दोन्ही हक्क एकाच व्यक्तीकडे आले की भाडेहक्क मालकीत विलीन होतो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १११(डी) सांगते. तेव्हा येथे हस्तांतरण होतच नाही, जुन्या हक्काची केवळ सुधारणा होते, असा हा युक्तिवाद आहे. भाडेपट्ट्याची जमीन मालकी हक्कात रूपांतरित झाल्याच्या एका प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच धर्तीवर, रूपांतरामुळे मालमत्तेचा धारणकाळ नव्याने सुरू होत नाही, असे म्हटले आहे. तरीही माझ्या मते सामान्य कुटुंबाने केवळ या युक्तिवादाच्या भरवशावर व्यवहार न दाखवता सोडून देऊ नये. विवरणपत्रात नफा दाखवून सवलत मागितली, तर कर शून्यच राहतो आणि भविष्यातील खरेदीमूल्यही भक्कम होते. नफा न दाखवल्याने त्या वर्षी वाचत काहीच नाही, पुढे मात्र बरेच गमावले जाते.

स्वस्तात मिळालेली मालमत्ता, असा आक्षेप आला तर

नोटिशींमध्ये अलीकडे सर्वाधिक दिसते ते कलम ५६(२)(एक्स). स्थावर मालमत्ता मुद्रांक मूल्यापेक्षा बऱ्याच कमी मोबदल्यात मिळाली, तर हा फरक ‘इतर उत्पन्न’ धरून त्यावर नेहमीच्या दराने कर लावण्याची ही तरतूद आहे. मोबदल्याच्या १० टक्के किंवा ५० हजार रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या फरकाकडे कायदा दुर्लक्ष करतो. ठरावीक मर्यादेपुढील मूल्याच्या मालमत्ता व्यवहारांची माहिती नोंदणी कार्यालयाकडून आयकर विभागाला आपोआप जाते. मुद्रांक मूल्य १ कोटी २० लाख आणि दिलेली रक्कम ४० लाख, हे दोन आकडे शेजारी दिसले, की मधल्या ८० लाखांवर ३० टक्क्यांच्या टप्प्याने कर का लावू नये, अशी विचारणा होते.

या विचारणेचे उत्तर वर आलेच आहे. मोबदला ४० लाख नव्हता. ४० लाख आणि भाडेहक्क मिळून तो १ कोटी २० लाख होता. कायदा ‘मोबदला’ म्हणतो, ‘रोख रक्कम’ म्हणत नाही. पुनर्विकासात जुनी सदनिका देऊन नवी मिळाल्याच्या एका प्रकरणात मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये असेच म्हटले की, जुन्याच्या बदल्यात मिळालेले नवे घर म्हणजे अपुऱ्या मोबदल्यात मिळालेली मालमत्ता नव्हे, आणि त्याला कलम ५६(२)(एक्स) लावता येणार नाही. ते प्रकरण मालकीच्या सदनिकेचे होते, पण त्यामागचा तर्क भाडेकरूच्या बाजूनेही उभा राहतो. मात्र हा तर्क अधिकाऱ्यापुढे टिकायला दस्ताचा आधार लागतो. दस्तात ‘४० लाख रुपयांस विक्री’ एवढेच असेल, तर भाडेहक्काची गोष्ट नंतर रचल्यासारखी भासते. म्हणून करारनाम्यात भाडेकरू किती वर्षांपासून आहे, त्याचा संरक्षित भाडेहक्क तो या व्यवहारात सोडून देत आहे, त्या हक्काचे मूल्य अमुक इतके धरले आहे, आणि हे मूल्य व दिलेली रक्कम मिळून जागेचा पूर्ण मोबदला होतो, हे स्पष्ट शब्दांत यायला हवे. शक्य असेल, तर त्याच सुमारास नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्यावा.

दुकानदाराची अडचण

राहत्या खोलीच्या बाबतीत जे सहज सुटते, ते गाळ्याच्या बाबतीत अडून बसते. कलम ५४एफ ची सवलत राहत्या घरातील गुंतवणुकीलाच आहे. किराणा दुकान, छापखाना, दवाखाना किंवा शिंप्याचे दुकान भाड्याच्या गाळ्यात चालवणाऱ्याला गाळ्याची मालकी मिळाली, तर भाडेहक्काचा मोबदला दुकानात मुरतो, घरात नाही. नफा मोजला जातो, सवलत मिळत नाही, आणि कर भरायला हाती पैसे आलेले नसतात. मोबदल्याची रक्कम निश्चित करता येत नसेल, तर कलम ५०डी नुसार सोडलेल्या हक्काचा बाजारभावच मोबदला धरला जातो, त्यामुळे आकडा न लिहिल्याने सुटका होत नाही. दुसरे पैसे असतील, तर मोबदल्याएवढी रक्कम मुदतीत एखाद्या राहत्या घरात गुंतवून सवलत घेता येते, पण छोट्या दुकानदाराला ते क्वचितच झेपते. विलीनीकरणाचा जो युक्तिवाद घरासाठी अनावश्यक वाटला, तो येथे खरोखर उपयोगी पडू शकतो. मात्र तो जाणकार सल्लागाराकडून, व्यवहाराआधी तपासून घ्यावा. जुनी पागडी धनादेशाने दिली असेल, तर तिचा पुरावा शोधण्याचे श्रम सर्वांत जास्त फळाला येतात ते या ठिकाणी.

पुनर्विकासात

उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासात, म्हणजे विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, निवासी भाडेकरूला त्याच्या जुन्या जागेएवढे, पण किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मोफत आणि मालकी हक्काने मिळते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे देण्याची योजना आहे. ‘मोफत’ हा शब्द लोकांना निर्धास्त करतो. आयकराच्या भाषेत ते घर मोफत नाही, भाडेहक्काच्या बदल्यात आहे, आणि तसे असणे भाडेकरूच्या हिताचेच आहे.

येथील खरी गुंतागुंत काळाची आहे. पर्यायी जागेचा करार करून खोली रिकामी केली की भाडेहक्काचे हस्तांतरण झाले असे म्हणता येते. नवे घर मात्र चार-पाच वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा मिळते. कलम ५४एफ मध्ये बांधकामासाठी तीन वर्षांची मुदत आहे. भाडेकरूने आपल्याकडून सारे काही पूर्ण केले असून विलंब विकासकाचा असेल, तर अपिलात अनेकदा उदार दृष्टिकोन घेतला गेला आहे, पण त्यासाठी सवलत करार केलेल्या वर्षाच्या विवरणपत्रात मागितलेली असावी आणि कराराची प्रत, ताब्याची पत्रे, विकासकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवलेला असावा. मधल्या काळात विकासक जे मासिक भाडे देतो, ते घर सोडावे लागल्याच्या गैरसोयीची भरपाई आहे, उत्पन्न नव्हे, आणि म्हणून त्यातून उद्गम करकपात (टीडीएस) करण्याची गरज नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ते भाडे प्रत्यक्षात पर्यायी जागेसाठी खर्च झाल्याच्या नोंदी ठेवणे तरीही शहाणपणाचे आहे.

घरमालकाची बाजू आणि भाडेकरूची एक जबाबदारी

घरमालक जमीन व इमारतीतील आपला हिस्सा विकतो, त्यामुळे त्याला कलम ५०सी लागू होते. विक्रीची रक्कम ४० लाख आणि मुद्रांक मूल्य १ कोटी २० लाख असेल, तर कर १ कोटी २० लाखांवर मागितला जाऊ शकतो. त्याने विकले ते रिकामे घर नव्हते, संरक्षित भाडेकरू बसलेले घर होते, हे दाखवून कलम ५०सी(२) खाली विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी त्याने करावी. मालमत्ता २००१ पूर्वीची असेल, तर १ एप्रिल २००१ चे मूल्य त्याला धरता येते, परंतु ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. निवासी व्यक्ती असल्यास, २३ जुलै २०२४ पूर्वी मिळवलेल्या जमीन-इमारतीसाठी निर्देशांकासह २० टक्के किंवा निर्देशांकाविना १२.५ टक्के, यांपैकी कमी कर भरण्याची मुभाही त्याला आहे. भाडेहक्काला ती मुभा नाही.

भाडेकरू खरेदीदार म्हणून एका कर्तव्याला बांधलेला आहे, आणि ते हमखास विसरले जाते. मोबदला किंवा मुद्रांक मूल्य यांपैकी काहीही ५० लाख वा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का करकपात करून ती सरकारजमा करायची असते, आणि कपातही या दोहोंतील मोठ्या आकड्यावर होते. मालकाला ४० लाखच दिले म्हणून कपात लागू नाही, हे म्हणणे टिकत नाही. जुन्या चाळींच्या मालकांचे वारस पुष्कळदा परदेशात स्थायिक झालेले असतात. मालक अनिवासी असेल, तर १ टक्क्याचा नियम नव्हे, कलम १९५ लागू होते आणि कपातीचा दर बराच चढा असतो. ती न केल्यास वसुली भाडेकरूकडूनच होते. म्हणून पैसे देण्याआधी मालकाची निवासी स्थिती लेखी घ्यावी. सारी रक्कम बँकेमार्फत द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि रोख दिलेला भाग भाडेकरूला खरेदीमूल्य म्हणून सिद्ध करता येत नाही, असे दुहेरी नुकसान त्यात आहे.

भाडेपावती कोणाच्या नावावर आहे, हे व्यवहाराआधीच निस्तरायला हवे. भाडेकरूच्या निधनानंतर हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, आणि त्याबाबत वाद असल्यास निर्णय न्यायालय देते. नुसत्या मृत्युपत्राने भाडेहक्क कोणालाही देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले आहे. पावती अजून आजोबांच्या नावावर, दस्त मुलगा आणि सुनेच्या नावावर, आणि नफा कोणाच्याच विवरणपत्रात नाही, अशी प्रकरणे सोडवणे फार कठीण जाते. ज्याचा भाडेहक्क, त्याचाच नफा आणि त्याचीच सवलत, हे सूत्र धरून नावे आधी सरळ करून घ्यावीत.

ज्यांनी काही वर्षांपूर्वी मालकी घेतली आणि तेव्हा भाडेहक्काचा हिशेब कुठेच दाखवला नाही, त्यांची वाट पूर्ण बंद झालेली नाही. घराचे खरेदीमूल्य म्हणजे ते मिळवण्यासाठी जे दिले ते सर्व, आणि भाडेहक्क दिला गेला ही वस्तुस्थिती बदलत नाही. घर विकण्यापूर्वी जुन्या भाडेपावत्या, मतदारयादी किंवा शिधापत्रिकेतील पत्त्याचे पुरावे, मालकी घेतल्याच्या वर्षीची मुद्रांक मूल्याची नोंद आणि त्या तारखेचे मूल्य सांगणारा मूल्यांककाचा अहवाल एकत्र करावा, आणि त्या आधारावर दोन्ही भाग धरूनच खरेदीमूल्य मांडावे. त्या वर्षी नफा का दाखवला नाही, असा प्रश्न येईल. त्या वर्षी कलम ५४एफ च्या अटी पूर्ण होत होत्या हे दाखवणारी कागदपत्रेही याच फायलीत हवीत.